चमचा, वाटी की तांब्या

लेखन हा माझा प्रांत नव्हे, आणि सदुसष्टाव्या वर्षी तो माझा व्हावा अशी मागणीही कोणी केलेली नाही. तेव्हा या धारिष्ट्याबद्दल आधीच क्षमा मागतो. नोकरीची पस्तीस वर्षे मी इतरांच्या हस्तलिखितांतील वेलांट्या आणि उकार जागच्या जागी बसवण्यात घालवली. त्या काळात स्वतःचे एक पानही लिहिले नाही. चांगले लेखन रोज डोळ्यांखालून गेले की माणसाला आपली पायरी आपोआप कळते. त्यातून विषय असा, की तो चारचौघांत काढण्याचे वळण आमच्या घरात नाही. मला उलटीविषयी लिहायचे आहे. अधिक नेमके सांगायचे, तर कोणाच्याही उलटीकडे शांतपणे पाहू शकणाऱ्या एका बाईंविषयी. वाचक नुकतेच जेवून उठले असतील, तर त्यांनी घटकाभराने पुढे वाचावे हे उत्तम.

माझी पत्नी निर्मला हिचा कर्करोग बरा होण्याच्या पलीकडे गेला आहे, हे डॉक्टरांनी माघ महिन्यात आम्हा दोघांना समोर बसवून सांगितले. त्या बातमीने ती खचली नाही. खचली ती मळमळीने. वेदना गोळ्यांनी आवरल्या होत्या, उलट्या मात्र आवरत नव्हत्या. आमच्या घणसोलीच्या घरात बावीस वर्षे दर चैत्रात निर्मलेचे हळदीकुंकू होत आले होते, आणि तिच्या हातची आंबेडाळ खायला इमारतीच्या तिन्ही विंगांतल्या बायका येत. यंदाही ते व्हावे, आपण तासभर खुर्चीत बसावे, आणि बायकांच्या देखत उलटी होऊ नये, एवढीच तिची इच्छा उरली होती. पण त्याच भीतीने तिने दारावर आलेल्या शेजारणींनाही परत पाठवायला सुरुवात केली. मी दार किलकिले करून "त्या झोपल्या आहेत" असे सांगत असे, आणि आत ती जागी राहून ते ऐकत असे.

अशा दिवसांत कुंदा पाटील आमच्याकडे आल्या. गंभीर आजारी माणसांची घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या एका संस्थेत त्या परिचारिका होत्या. ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून असलेले तळवली हे त्यांचे गाव. वडिलांची भातशेती होती. ती गेली, आणि तिच्या जागी भावांच्या तीन मजली चाळी उभ्या राहिल्या. भाडे येते आहे, आता बसून खा, असे भावांनी त्यांना अनेकदा सुचवले होते. "बसून खाल्लं की मला मळमळतं," असे त्यांचे त्यावरचे उत्तर होते, आणि ते त्या अगदी गंभीर चेहऱ्याने देत. बुटक्या, रुंद बांध्याच्या, चालताना दोन्ही पाय जमिनीला काही बजावून सांगत आहेत असे वाटावे अशा. नाक अगदी लहान, नकटे. त्या नाकाची योग्यता मला पहिल्याच दिवशी कळली.

दार उघडल्यावर त्यांनी नमस्कार केला, पण आत पाऊल टाकले नाही. उंबऱ्यावर डोळे मिटून उभ्या राहिल्या आणि एखादी यादी वाचावी तसे म्हणाल्या, "चंदनाची उदबत्ती. फिनेल. लसनाची फोडनी, सकाळची. आनि कोनीतरी बाम चोळलाय." बाम मी चोळला होता. उदबत्तीही माझीच. आजाराचा वास पाहुण्यांना जाणवू नये म्हणून मी दर दोन तासांनी एक लावत असे, आणि हे काम मी किती निष्ठेने करतो याचा मला थोडा अभिमानही होता. कुंदासिस्टरांनी तो अभिमान पाण्यात बुडवून विझवला आणि सगळ्या खिडक्या उघडल्या. मग त्या निर्मलेजवळ गेल्या. एवढ्या वासांत त्या स्वतः असत्या तर त्यांनीही सकाळपासून बादली धरली असती, असे त्यांनी तिला सांगितले. निर्मला त्या दिवशी प्रथमच हसली.

स्वतःच्या बाबतीत त्या याहून कडक होत्या. गजरा नाही, पावडर नाही, तेल बिनवासाचे. आगरी घरातली बाई, पण सुकट आणि बोंबील फक्त रविवारी, कारण सोमवारी पुन्हा कोणाच्या तरी उशाशी वाकायचे असते. सोमवार ते शनिवार डब्यात दहीभात. यावरून त्यांच्या सासूबाई त्यांना रोज टोमणे मारीत. सुकटीशिवाय जेवणारी सून बघून आमची पितरं वाट चुकतील, असे म्हातारीचे म्हणणे होते. सिस्टर ते आम्हाला सासूच्या आवाजात करून दाखवीत.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. मळमळीच्या या जाणकार बाईंना मोटारीत दहा मिनिटेही बसवत नसे. एकदा संस्थेच्या डॉक्टरबाईंनी आग्रहाने त्यांना आपल्या गाडीतून आणले, तेव्हा रबाळ्यापासून घणसोलीपर्यंत सिस्टरांची मान खिडकीबाहेर होती, आणि आमच्या फाटकाशी उतरताच त्या झाडाच्या बुंध्याशी पाच मिनिटे बसून राहिल्या. मी पाणी घेऊन गेलो. "म्हनून स्कूटर," त्या म्हणाल्या. "आनि म्हनून मला काकूंचं कळतं. तुमाला नाय कळत, काका. तुमचं पोट चांगलं हाय." हा आरोप मी निमूटपणे स्वीकारला.

आता माझ्या वहीविषयी सांगावे लागेल. ते टाळता आले असते तर बरे झाले असते. रुग्णाची नोंद ठेवा, असे संस्थेने पहिल्याच भेटीत सांगितले होते. मी नवी वही आणली, समास आखला, आणि आयुष्यभर जी भाषा तपासली त्याच भाषेत रोज नोंदी केल्या. दुसऱ्या भेटीत सिस्टरांनी ती वही घेतली आणि ओळीवर बोट ठेवून वाचू लागल्या. "पहाटे किंचित अस्वस्थता. नंतर अल्प वमन. सायंकाळी तुलनेने स्वस्थ." त्यांनी वही मिटली.

"अक्षर लय सुंदर हाय, काका. पन अल्प म्हनजे किती? चमचा, वाटी की तांब्या?"

मग त्यांनी मला समोर बसवून घेतले. मळमळ वेगळी, नुसते उमासे वेगळे आणि उलटी वेगळी. प्रत्येकीची वेळ वेगळी लिहायची. काय पडले, रंग कोणता, किती पडले. उलटी झाल्यावर बरे वाटते की नाही. जेवणानंतर लगेच होते की डोके दुखून पहाटे होते. हे सगळे कशासाठी, असे मी चाचरत विचारले, तेव्हा त्यांनी जे सांगितले ते मी नंतर वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतले. उलटीला पत्ता असतो. कोणाची पोटातून येते, कोणाची आतड्यातून, कोणाची औषधातून, कोणाची डोक्यातून, आणि कोणाची नुसत्या भीतीतून. पत्ता न विचारता गोळी दिली, तर गोळी भलत्याच घरी जाते.

त्यांनी निर्मलेच्या तोंडात बॅटरी मारून जीभ पाहिली. हलक्या हाताने पोट चाचपले. आणि मग ज्या प्रश्नाची मला धास्ती होती तोच विचारला: संडासला होऊन किती दिवस झाले?

वहीत "पोट: ठीक" असे आठ दिवस ओळीने लिहिलेले होते. खरी हकीगत अशी, की निर्मलेने मला ते सांगितले नव्हते आणि मी तिला ते विचारले नव्हते. एकेचाळीस वर्षांच्या संसारात आम्ही हा विषय कधी बोललो नाही. आमच्या दृष्टीने तोच सुसंस्कृतपणा होता. मी "ठीक" लिहिले, कारण रकाना मोकळा ठेवणे मला प्रशस्त वाटेना. निर्मलेने भिंतीकडे तोंड केले आणि हळूच म्हणाली, "आठ दिवस. कदाचित नऊ."

सिस्टर रागावल्या नाहीत. दुखण्याच्या गोळ्यांनी आतडे आळसावते, त्या गोळ्यांबरोबर पोट साफ होण्याचे औषध रोज घ्यायचेच असते, आणि आम्ही ते लागणार नाही असे समजून कपाटात ठेवले होते, एवढे त्यांनी ताडले. "पावसात नाला तुंबला की पानी कुटं जातं?" त्यांनी मला विचारले. घणसोलीत राहणाऱ्या माणसाला याचे उत्तर द्यावे लागत नाही. त्याच संध्याकाळी डॉक्टरबाई येऊन गेल्या. आतडे कुठे अडलेले तर नाही, याची त्यांनी आधी खात्री करून घेतली, मग उपाय केले. दोन दिवसांत उलट्या निम्म्यावर आल्या. पंधरा दिवस निर्मलेने जे सोसले त्यातले निम्मे माझ्या एका "ठीक"ने सोसायला लावले होते, हे कोणी बोलून दाखवले नाही.

शिक्षा मात्र झाली. पुढच्या भेटीत सिस्टरांनी मला निर्मलेच्या पलंगाशी उभे केले आणि वही मोठ्याने वाचायला सांगितली. मी वाचू लागलो आणि त्या एका शब्दाशी येऊन घसा खाकरला. "बोला काका," त्या म्हणाल्या, "लाज माझ्याकडं ठेवा, जाताना परत देते." मी म्हणालो, "आज सकाळी संडासला झाली." निर्मला उशीत तोंड खुपसून इतकी हसली की तिला उमासा आला, आणि सिस्टरांनी तीही नोंद वेळेसकट करायला लावली: कारण, नवरा.

यानंतर माझी थोरली बहीण, अक्का, करंजाड्याहून मुक्कामाला आली. अक्का मायेची आहे, आणि तिची माया तुपातून व्यक्त होते. तिने केळे घालून शिरा केला आणि दर अर्ध्या तासाने वाटी घेऊन निर्मलेच्या उशाशी बसू लागली. दोन घास, एक माझ्यासाठी, एक माझ्या भावासाठी. निर्मला तिच्या समाधानासाठी घास घेई आणि पुढल्या क्षणी बादली मागे. आग्रह कसा थांबवावा हे मला ठाऊक नव्हते. आमच्याकडे तो थांबवणे हाच उद्धटपणा समजतात.

सिस्टर आल्या, त्यांनी हे पाहिले आणि अक्काला अगदी प्रेमाने स्वयंपाकघरात जेवायला बसवले. अक्का दोन पोळ्यांची. सिस्टरांनी तीन वाढल्या, मग चौथी. एवढा आग्रह कसला, असे अक्का म्हणेपर्यंत पानात शिऱ्याचा डोंगर झाला. सिस्टर शेजारी मांडी घालून बसल्या: हा एक माझ्यासाठी, अक्का. हा काकांसाठी. हा काकूंसाठी, त्यांना किती बरं वाटेल. अक्का दुसऱ्याचा शब्द मोडणाऱ्यातली नव्हे, तिने खाल्ले. शेवटी तिने पदर तोंडाला लावला आणि हात जोडून पान दूर सारले. आता समोर शिरा धरला तर उलटी होईल, असे तिने रडकुंडीला येऊन सांगितले.

"होनारच," सिस्टर मऊपणे म्हणाल्या. "काकूंना असंच वाटतं, अक्का. पन पहिल्या घासाच्या आधी."

अक्काने उठून वाटी घासून फळीवर ठेवली. त्या दिवसापासून निर्मलेला बशीत दोन चमचे गार दहीभात मिळू लागला, तोही तिने मागितला तर. उशीला टेकवून अर्धवट बसवून. आणि गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी. गोळीबाबत सिस्टरांचा दंडक होता, की झाडू पाहुणे यायच्या आधी मारायचा, पाहुणे कचऱ्यात बसल्यावर नव्हे. उलटी पूर्ण थांबेल असे वचन मात्र त्यांनी कधी दिले नाही. मी एकदा विचारले तेव्हा म्हणाल्या, की ती घरात राहील, पण घर तिच्या हुकमावर चालणार नाही एवढे आपण बघू.

चैत्र उजाडला. हळदीकुंकवासाठी मी पंचांग काढले. सिस्टरांनी ते बाजूला केले आणि माझी वही मागितली. तीन आठवड्यांच्या नोंदी त्यांनी बोटाने चाळल्या. सकाळ वाईट. दुपारी जेवणानंतर वाईट. साडेचार ते साडेपाच या तासात मात्र सलग बारा दिवस एकही वाटी नव्हती; तुरळक चमचा होता. त्यांनी त्या तासावर पेनने गोल काढला. माझ्या लिखाणातून मुहूर्त निघाला, हा माझ्या वाङ्मयीन कारकिर्दीतला एकमेव सन्मान.

आंबेडाळ आणि पन्हे, दोन्ही गार आणि आंबट, म्हणजे निर्मलेला चालणारी. पण हिंगाची फोडणी घरात द्यायची नव्हती. डाळ पाचव्या मजल्यावर शेजारणीकडे झाली आणि पूर्ण निवल्यावर झाकून खाली आली. अत्तरदाणी आणि गुलाबदाणी माळ्यावरच राहिली. सोसायटीच्या ग्रुपवर टाकण्यासाठी मी एक निवेदन तयार केले. त्यात "सुगंधी द्रव्यांचा वापर कृपया टाळावा" या आशयाची बारा वाक्ये होती. सिस्टरांनी ती वाचली आणि माझ्याच फोनवर, माझ्याच नावाने लिहिले: "गजरा, सेंट, पावडर नको. बाकी नटून या." ते पाठवलेही. त्या दिवशी सोसायटीत माझ्याविषयी काय बोलले गेले ते मी विचारले नाही.

साडेचारला सिस्टर दारात उभ्या राहिल्या. प्रत्येक बाईला आत सोडण्याआधी त्या किंचित वाकत, आणि ते स्वागत आहे असे पहिल्या चार-पाच जणींना वाटले. चौथ्या मजल्यावरच्या कुलकर्णी वहिनींना त्यांनी थांबवले. वहिनींनी आपण काहीही लावले नाही असे ठासून सांगितले. "मानेवर, डाव्या बाजूला," सिस्टर म्हणाल्या. "मोगऱ्याचा." वहिनी तणतणत वर गेल्या. मला वाटले, आता येत नाहीत. पण दहा मिनिटांनी मान धुऊन, ओल्या पदराने परत आल्या, आणि आत शिरण्याआधी त्यांनी आपण होऊन सिस्टरांपुढे मान तिरकी केली.

निर्मला हिरव्या साडीत खुर्चीत बसली होती. साडीला तीन ठिकाणी पिना होत्या, इतकी ती उतरली होती. हळदीकुंकू तीच लावत होती. बायका तिच्यासमोर वाकत होत्या. तिने दोन चमचे पन्हे घेतले. डाळीत आंबा कमी पडला आहे असे पाचव्या मजल्याला ऐकवलेही. चाळीस मिनिटे झाली असतील. मी स्वयंपाकघराच्या दाराआडून पाहत होतो, आणि तिचा हात थांबलेला मला दिसला. तिचा चेहरा मला ठाऊक होता. मी पुढे होण्याआधी सिस्टर तिच्या बाजूला पोचल्या होत्या, हातात झाकणाचे स्टीलचे भांडे. त्यांनी ना पडदा ओढला, ना कोणाला बाहेर काढले. एका हाताने कपाळ धरले, दुसऱ्याने भांडे.

मग झाकण बसले. निर्मलेने चूळ भरली, ओठ टिपले आणि वर पाहिले. समोर वीस बायका खाली मान घालून बसल्या होत्या. महिनाभर तिला ज्याची भीती होती ते नेमके घडून गेले होते. ती म्हणाली, "अर्धी वाटी. तशी माझी प्रगती आहे."

सिस्टरांनी झाकण उचलून डोकावले. "चार चमचे. काकू वाढवून सांगतात."

पहिल्या हसल्या त्या कुलकर्णी वहिनी. मग सगळ्याच हसल्या, आणि कोणीतरी आपल्या सासूच्या आजारपणातली गोष्ट काढली, दुसरीने बाळंतपणातली, आणि आमच्या दिवाणखान्यात त्या संध्याकाळी ज्या विषयावर चर्चा झाली ती ऐकून माझे वडील घर सोडून गेले असते. निर्मला साडेपाचला उठणार होती. ती सव्वासहाला उठली. दुसऱ्या दिवसापासून दारावर येणारी शेजारीण आत येऊ लागली. मी उगाच "झोपल्या आहेत" असे म्हणणे बंद केले; ती खरोखर झोपली असली तरच तसे म्हणायचे, असा मला आतून हुकूम आला.

ज्येष्ठात ती गेली. शेवटच्या आठवड्यात गोळी गिळवेना, तेव्हा सिस्टरांनी दंडाच्या कातडीखाली बारीक सुई बसवली आणि औषध तिथून थेंबाथेंबाने जात राहिले. त्या सात दिवसांतल्या नोंदी वहीत आहेत. उलटी: एकदा, चमचा. त्याखाली, मळमळ: नाही, नाही, नाही.

कुंदासिस्टर त्यानंतर एकदाच दिसल्या, गेल्या मंगळवारी, आमच्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये. कोणीतरी आत सुगंधी फवारा मारला होता आणि त्या ओढणीने नाक दाबून उभ्या होत्या. मला पाहून त्यांनी ओढणी काढली, आणि तब्येत, झोप वगैरे सोडून एकदम विचारले की मी काल रात्री काय जेवलो. मी खिचडी म्हणालो. सोबत काय, म्हणाल्या. मी लोणचे म्हणालो. त्यांनी मान हलवली. ती पसंतीची होती की नव्हे हे कळायच्या आत माझा मजला आला. बटण त्यांनी सातव्याचे दाबलेले होते. दार बंद होताना त्या पुन्हा नाक दाबत होत्या.

सातव्या मजल्यावर कोण आजारी आहे हे आमच्या इमारतीत सर्वांना ठाऊक आहे. त्या गृहस्थांच्या पत्नी शाळेत मुख्याध्यापिका होत्या. अत्यंत शालीन, मितभाषी बाई. माझी आणि त्यांची ओळख नमस्कारापुरती. त्याही एक वही ठेवत असतील, आणि तिच्यात "ठीक" लिहीत असतील, असे मला चार दिवस वाटते आहे. दोनदा मी सातव्या मजल्यापर्यंत गेलो आणि जिन्याने परत आलो. परक्या घरी जाऊन, चहाच्या कपासमोर बसून, एका मुख्याध्यापिकाबाईंना मी काय विचारणार आहे ते मला नीट माहीत आहे. फक्त ती बेल माझ्याच्याने वाजत नाही. तुम्ही माझ्या जागी असता, तर वाजवली असती का?